विषारी सरडा : खरा आणि मानलेला

पन्हाळ्याचा डोंगर उतरून वारणेच्या खोऱ्याकडे वळले म्हणजे कोडोली लागते. काळी जमीन, उसाचे फड, पाटाचे पाणी आणि मृगापासून हस्तापर्यंत कोसळणारा पाऊस, असा हा मुलूख. वाळवंटाचे नाव येथे कोणाच्या तोंडी येण्याचे कारण नाही. तथापि आज ज्या प्राण्याविषयी मी आपणापुढे बोलणार आहे तो अस्सल वाळवंटातला असूनही, त्याच्याविषयी वाटावी अशी भीती मात्र या हिरव्यागार खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. बांधावरून घोरपडीचे पिलू सळसळत गेले की काठी उगारली जाते. अंगणात सापसुरळी दिसली की मुलांना मागे ओढले जाते. दुधात पाल पडली की घरभर हाहाकार उडतो. ‘हिचा दंश म्हणजे पाणीसुद्धा मागू देणार नाही,’ असे बजावणारी वडीलधारी माणसे आपणा सर्वांच्या ओळखीची आहेत.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड या कुळात खरोखरीच विषारी असा कोणी आहे काय? याचे उत्तर ‘आहे’ असेच द्यावे लागते. मात्र तो आपल्या शिवारात नाही. सात समुद्रांपलीकडे, उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील रखरखीत प्रदेशात त्याचे घर आहे. त्याची नीट ओळख करून घेतली म्हणजे आपल्याकडील बापड्या प्राण्यांवरचा आरोप कितपत खरा आहे हे ठरविणे सोपे जाईल, आणि या भीतीपायी आपण नकळत कोणते नुकसान सोसतो हेही ध्यानात येईल.

या प्राण्याचे इंग्रजी नाव ‘हिला मॉन्स्टर’. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातून हिला नावाची नदी वाहते, तिच्यावरून त्याला हे नाव पडले. मॉन्स्टर म्हणजे राक्षस. पण हा राक्षस आहे जेमतेम दीड-पावणेदोन फूट लांबीचा. ॲरिझोना हे त्याचे मुख्य ठाणे. शेजारच्या नेवाडा, युटा, कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या काही भागांत व दक्षिणेस मेक्सिकोतील सोनोरा प्रांतातही तो आढळतो. अंगाने थुलथुलीत, पायांनी आखूड, डोक्याने रुंद आणि शेपटीने जाड असा हा जीव आहे. त्याच्या पाठीवर मणी ओवून बसवावेत तशा गोल गोल गाठी असतात, आणि त्यांतील बहुतेक गाठींच्या पोटात हाडाचा बारीक तुकडा असतो. काळ्या रंगावर नारिंगी किंवा गुलाबी पट्टे आणि ठिपके असा त्याचा पेहराव. एखाद्या कुशल कारागिराने मण्यांची पिशवी विणावी, तसे त्याचे कातडे दिसते. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘हेलोडर्मा’ या ग्रीक शब्दाचा अर्थही खिळे ठोकल्यासारखी त्वचा असलेला असाच आहे.

या शास्त्रीय नावाचा दुसरा भाग मोठा मौजेचा आहे. तो शब्द ‘सस्पेक्टम’, म्हणजे संशयित. एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १८६९ साली या प्राण्याचे बारसे केले. त्याच्या दातांवर खोबणी आहेत हे पाहून, हा सरडा विषारी असावा असा संशय कोप याला आला, आणि तो संशयच त्याने नावात गोवून ठेवला. शास्त्राची शिस्त येथे पाहण्यासारखी आहे. त्याने ‘विषारी’ असे नाव दिले नाही. ‘संशयित’ असे दिले. आरोप ठेवला, पण निकाल पुराव्यासाठी राखून ठेवला. तो पुरावा मिळण्यास चौदा वर्षे लागली. फिलाडेल्फियातील वैद्य सायलस वेअर मिचेल आणि त्यांचे सहकारी एडवर्ड रायकर्ट यांनी या प्राण्याची लाळ मिळवून तिचे प्रयोग केले आणि ती खरोखरच विषारी असल्याचे १८८३ साली प्रसिद्ध केले. संशय सिद्ध झाला. पण प्रयोगाने सिद्ध झाला, गावगप्पांनी नव्हे.

आता या विषाची यंत्रणा कशी असते ते पाहू. नाग किंवा घोणस यांच्या विषाच्या पिशव्या वरच्या जबड्यात, डोळ्यांच्या मागील बाजूस असतात, आणि त्यांचे विषदंत आतून विष वाहून नेण्याजोगे असतात. औषधाची सुई टोचावी त्याप्रमाणे क्षणार्धात विष आत सोडून साप मोकळा होतो. हिलाची तऱ्हा अगदी निराळी. त्याच्या विषग्रंथी खालच्या जबड्यात असतात. त्याला पोकळ दात नाहीत. दातांच्या अंगावर केवळ खोबणी आहेत. ग्रंथींतून पाझरलेले विष लाळेबरोबर दातांच्या मुळाशी येते आणि खोबणींतून हळूहळू वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल जसे वर चढते, तसाच हा प्रकार. म्हणूनच हिला चावला म्हणजे लगेच सोडीत नाही. तो घट्ट धरून ठेवतो, चघळत राहतो, आणि जितका वेळ तो धरून बसेल तितके अधिक विष जखमेत उतरते.

या दंशाची वेदना अत्यंत तीव्र असते. जखमेभोवती सूज येते, मळमळ व ओकाऱ्या होतात, घाम सुटतो, रक्ताचा दाब एकाएकी उतरतो आणि अशक्तपणा येतो. एवढे असूनही मनुष्य दगावल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. २०२४ साली अमेरिकेतील कोलोराडो राज्यात एका मनुष्याने घरी पाळलेल्या हिलाचा दंश होऊन त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याची बातमी जगभर गाजली, ती इतकी दुर्मीळ घटना होती म्हणूनच. या विषावर सर्पविषाप्रमाणे प्रतिविष तयार केलेले नाही. वेदना शमविणे, रक्तदाब सांभाळणे, दातांचे तुकडे जखमेत राहिले असल्यास काढणे आणि रोग्यावर लक्ष ठेवणे, एवढाच उपचाराचा मार्ग आहे.

येथे एखादा चिकित्सक श्रोता विचारील की, भक्ष्य मारण्यासाठी हे विष नसेल तर ते आहे तरी कशासाठी? कारण हिलाचे भक्ष्य पाहिले तर विषाची गरजच पडू नये असे ते असते. पक्ष्यांची अंडी, कासवांची व इतर सरड्यांची अंडी, घरट्यातील पिल्ले, बिळातील सशाची किंवा उंदराची नुकती जन्मलेली पिले, असा त्याचा आहार. अंडे काही पळत नाही, आणि डोळे न उघडलेले पिलू प्रतिकार करीत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष असा की, हे विष मुख्यतः स्वसंरक्षणासाठी आहे. हिला चालतो मंद. धावून जीव वाचविणे त्याला शक्य नाही. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण म्हणतो. याची धाव तर कुंपणापर्यंतही पोहोचावयाची नाही. अशा प्राण्यावर कोल्ह्याने किंवा ससाण्याने झडप घातली, तर त्याला असा धडा मिळाला पाहिजे की पुन्हा त्या वाटेस जाणे नको. विषातील वेदनेचा जबर भाग त्यासाठीच आहे, आणि अंगावरील भडक पट्टे ही त्याची आगाऊ सूचना होय.

वाळवंटात राहणे म्हणजे उन्हाशी, भुकेशी आणि तहानेशी रोज सामना. हिलाने हा सामना शौर्याने नव्हे, तर काटकसरीने जिंकला आहे. आयुष्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक काळ तो जमिनीखाली, बिळात किंवा खडकांच्या कपारीत, स्वस्थ पडून काढतो. वसंत ऋतू हा त्याचा मुख्य संचाराचा काळ. त्या दिवसांत पक्षी अंडी घालतात, सशांना पिले होतात, आणि हिला बाहेर पडतो. दुभंगलेली जीभ आतबाहेर करीत तो हवेतील व मातीवरील गंधकण गोळा करतो. टाळूत असलेले एक खास इंद्रिय त्या गंधाची पारख करते, आणि मातीखाली पुरलेली अंडीही त्याला सापडतात. एकदा सापडले म्हणजे तो भरपेट खातो. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे अन्न एका बैठकीत गिळल्याची नोंद आहे. मग ही मेजवानी चरबीच्या रूपाने शेपटीत साठविली जाते. सुगीत कणगी भरून ठेवणारा आणि उन्हाळ्यात पुरवून खाणारा शेतकरी आपण पाहतोच; हिलाची शेपटी ही त्याची कणगी. वर्षाकाठी मोजकी मोठी जेवणे मिळाली तरी त्याचे भागते. तो बहुधा हालचालच करीत नसल्यामुळे खर्चही थोडा असतो.

पाण्याचीही त्याची व्यवस्था अशीच आहे. पावसाची सर आली की तो पोटभर पाणी पितो आणि मूत्राशयात ते साठवून ठेवतो. पुढे पाण्याचे दुर्भिक्ष झाले म्हणजे त्या साठ्यातील पाणी पुन्हा शरीरात शोषले जाते. पाणी टाकून देण्याची जागा हीच पाणी राखण्याची टाकी व्हावी, यातील युक्ती पाहून कौतुक वाटते.

वसंतात नरानरांची झुंज होते. ही झुंज दातांनी फाडण्याची नव्हे; एकमेकांस विळखा घालून, अंग कमानीसारखे वाकवून, प्रतिस्पर्ध्यास खाली दाबण्याची असते. तास तास ती चालते. आपल्या कोल्हापूरच्या तालमीतील कुस्ती पाहिलेल्यास तिचे नवल वाटणार नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मादी जमिनीत थोडीशी, बहुधा पाचसहा, अंडी घालते आणि निघून जाते. बाहेर येणारे पिलू मोठ्यांसारखेच रंगीत आणि जन्मतःच विषाने सज्ज असते. त्याला शिकविणारे कोणी नसते. शिकण्याची गरजही नसते.

अशा या आळशी, एकांतप्रिय प्राण्याविषयी अमेरिकेत काय काय समजुती असाव्यात? त्याच्या श्वासानेच माणूस मरतो, असे एकोणिसाव्या शतकात लोक सांगत. त्याला गुदद्वार नसते, म्हणून खाल्लेले अन्न आत कुजते आणि त्याचे विष बनते, असेही म्हणत. सुशिक्षित, यंत्रयुगात अग्रेसर म्हणविणाऱ्या देशातील या गोष्टी आहेत. तेव्हा अज्ञान ही केवळ आपल्या खेड्यांची मिरास आहे असे मानून खाली मान घालण्याचे कारण नाही. खरा फरक पुढे पडला. तेथील अभ्यासकांनी या प्राण्याचा पिच्छा पुरविला, आणि लोकमत हळूहळू पालटले. १९५२ साली ॲरिझोना राज्याने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. विषारी प्राण्यास कायद्याने अभय देण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो. ज्याचे विष प्रयोगाने सिद्ध झाले होते, त्याला तेथे अभय मिळाले. ज्यांचे विष सिद्धच झालेले नाही, अशा आपल्याकडील प्राण्यांवर मात्र काठी पडतच राहिली.

आता आपण घराकडे वळू. प्रथम पाल. भिंतीवरील पाल विषारी नाही. तिला विषग्रंथी नाहीत. मात्र तिच्या विष्ठेतून व अंगावरून रोगजंतू अन्नात जाऊ शकतात. त्यामुळे पाल पडलेले अन्न टाकून देण्याची आपल्या घरातील रीत अगदी योग्य आहे, तिचे कारण तेवढे चुकीचे सांगितले जाते. दुसरी सापसुरळी. तिचे तुळतुळीत अंग, आखूड पाय आणि सापासारखी चाल यांमुळे तिच्यावर सापाचा आळ आला. वस्तुतः ती किडे खाणारी, भित्री आणि पूर्णपणे निरुपद्रवी आहे. तिसरी, पश्चिम भारतातील खडकाळ, उघड्या माळांवर रात्री हिंडणारी, अंगावर ठिपके असलेली जाड शेपटीची पाल. घरातील पालीला पापण्या नसतात. हिला मात्र मिटता येणाऱ्या पापण्या आहेत. शेपटीत चरबी साठविणे, अंगावर पट्टे व ठिपके बाळगणे या बाबतींत ती हिलाची लहान बहीण शोभेल. परंतु साम्य एवढेच, विष नाही. कोरड्या प्रदेशात भुकेला तोंड द्यावयाचे म्हणजे निसर्ग निरनिराळ्या कुळांना एकच युक्ती शिकवितो. रूप सारखे दिसले म्हणून गुण सारखे असावेत असे नाही, हा धडा तिच्यापासून घ्यावा.

चौथी आणि सर्वांत बदनाम म्हणजे घोरपड. उत्तर भारतात तिच्या पिलांना ‘बिसखोपडा’ म्हणून एक वेगळाच महाविषारी प्राणी समजतात. पिलांच्या अंगावर ठिपके व पट्टे ठळक असतात, वाढत्या वयाबरोबर ते मळकट होतात. म्हणून पिलू आणि आई हे दोन भिन्न प्राणी असल्याचा समज झाला. वास्तविक घोरपड ही शेतकऱ्याची मोठी मदतनीस आहे. भुंगेरे व त्यांच्या अळ्या, खेकडे, विंचू, उंदीर, सापांची व पक्ष्यांची अंडी, मेलेली जनावरे, असे काय वाटेल ते ती खाते. दिवसा हिंडते, जिभेने माग काढते, आणि अंडी घालण्यासाठी पुष्कळदा वारुळ उकरते. वारुळात ऊब आणि ओल दोन्ही कायम राहतात, त्यामुळे अंड्यांस ती जागा मानवते. नरांची झुंज मागील पायांवर उभे राहून, एकमेकांस कवटाळून होते.

आपल्या इतिहासाशी तिचे नाते कोणास सांगावयास नको. कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगड, म्हणजे जुना खेळणा किल्ला, घोरपडीच्या साहाय्याने सर झाला आणि त्यावरून भोसल्यांच्या एका शाखेस ‘घोरपडे’ हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. सिंहगडावर १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची कथा तर आपण बालपणीच ऐकतो. इतिहासाच्या कसोटीवर या कथा कितपत उतरतील हा विषय इतिहासकारांचा. प्राणिशास्त्राने एवढे सांगता येते की, कपारीत शिरून नखे रोवून आणि अंग फुगवून घोरपड अशी घट्ट बसते की तिला ओढून काढणे कठीण जाते. ‘घोरपडीसारखा चिकटला’ हा वाक्प्रचार निरीक्षणातून आला आहे, कल्पनेतून नव्हे. ज्या समाजाने एका पराक्रमी घराण्याच्या नावात हा प्राणी गौरवाने मिरविला, त्याच समाजाने त्याच्या पिलास विषारी म्हणून ठेचावे, हा मोठाच विरोधाभास आहे.

परंतु शास्त्राची बाजू मांडावयाची तर ती पुरती मांडली पाहिजे. अलीकडच्या संशोधनाने या प्रश्नात थोडी गुंतागुंत आणली आहे. ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून असे प्रतिपादन केले की, घोरपडीच्या कुळातही खालच्या जबड्यात विषसदृश द्रव्ये स्रवणाऱ्या ग्रंथी आहेत. इंडोनेशियातील कोमोडो बेटावरील महाकाय घोरपडीच्या ग्रंथींचे वर्णन त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले. या ग्रंथी खऱ्या अर्थाने विषग्रंथी मानाव्यात की केवळ विशेष प्रकारच्या लाळग्रंथी, यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. आपल्याकडे २०१४ साली हिमाचल प्रदेशातील डॉक्टरांनी घोरपडीच्या दंशाने मूत्रपिंडे निकामी झाल्याचा एक रोगी प्रसिद्ध केला. त्यावर विषतज्ज्ञांनी आक्षेप घेतला की, लक्षणे पाहता हा दंश घोणशीसारख्या विषारी सापाचा असण्याचाच संभव अधिक आहे. तात्पर्य, घोरपडीच्या लाळेत काही द्रव्ये असू शकतील. पण तिच्या चाव्याने माणूस हटकून मरतो या समजुतीस आधार नाही. तिचा चावा खोल व वेदनादायक असतो, जखम चिघळू शकते. म्हणून साबण-पाण्याने ती स्वच्छ धुऊन डॉक्टरकडे जावे आणि धनुर्वाताची लस घ्यावी, हे शहाणपणाचे.

श्रोतेहो, येथवर आपण विषाची वाईट बाजू पाहिली. आता त्याच हिलाच्या विषाने माणसावर केलेला उपकार ऐका. आपण जेवतो तेव्हा आतड्यातून एक संप्रेरक रक्तात येते आणि स्वादुपिंडास इन्शुलिन सोडण्याचा निरोप देते. रक्तातील साखर वाढलेली असेल तरच हा निरोप लागू पडतो. त्यामुळे मधुमेहाच्या रोग्यास ते उत्तम औषध ठरावे. अडचण एवढीच की, हे संप्रेरक शरीरात दोनचार मिनिटांतच नष्ट होते. न्यूयॉर्कमधील डॉ. जॉन एंग यांना हिलाच्या विषात एक द्रव्य सापडले. १९९२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि त्यास ‘एक्झेंडिन-४’ असे नाव दिले. त्याची घडण मानवी संप्रेरकाशी निम्म्याहून थोडी अधिक जुळते, आणि मुख्य म्हणजे ते तासन्‌तास टिकते. त्याचीच प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनविलेली प्रत ‘एक्झेनेटाइड’ या नावाने २००५ साली अमेरिकेत मधुमेहावरील औषध म्हणून मान्य झाली. त्या औषधासाठी एकाही सरड्यास मारावे लागले नाही. या वर्गातील पुढची काही औषधे मानवी संप्रेरकाच्याच घडणीवर बेतलेली आहेत. तथापि अशा औषधाचा माणसास उपयोग होतो हे प्रथम दाखविण्याचा मान त्या वाळवंटी सरड्याकडे जातो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात २०२१ मध्ये सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता. त्यांपैकी कितीतरी जण आपल्या घरांतच आहेत. श्वासाने माणूस मारतो म्हणून ज्याला ठेचीत असत, त्याच्या जबड्यातून ही वाट निघाली. १८८३ मध्ये ‘विषारी ठरला, आता संपवा’ असे म्हणून तो प्रदेश हिलाविरहित केला असता, तर १९९२ साली डॉ. एंग यांच्या हाती काय आले असते?

हा विचार आपल्या घोरपडीस लागू करून पाहा. वन्य जीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घोरपडीस पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे. तिला मारणे, पकडणे, तिचे अवयव विकणे हा गुन्हा आहे. तरीही मांसासाठी, सांधेदुखीवरच्या तथाकथित तेलासाठी, खंजिरीच्या कातड्यासाठी तिची हत्या होते. ‘हाथाजोडी’ नावाची मुळी लक्ष्मी आणते असे सांगून बाजारात जी वस्तू विकली जात असल्याचे गेल्या काही वर्षांत उघडकीस आले, ती वनस्पतीची मुळी नसून घोरपडीच्या नराचा वाळविलेला अवयव होता. ती देव्हाऱ्यात ठेवणारी घरे अशिक्षितांचीच होती असे म्हणवत नाही. विषाची भीती आणि धनाचा लोभ या दोन्ही बाजूंनी हा प्राणी मारला जात आहे; आणि दोहोंच्या मुळाशी न तपासलेली समजूत आहे.

परंतु या चुकीच्या भीतीची सर्वांत मोठी किंमत घोरपड देत नाही, माणूस देतो. आपल्या भागात खरे विषारी आहेत ते साप : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, म्हणजे सरासरीने दरवर्षी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत अधिक झाले. मण्यार रात्री अंथरुणात शिरून चावते. तिच्या दंशाची वेदना फारशी नसते, खूणही धड दिसत नाही. अशा वेळी घरातील कोणी तरी म्हणते, ‘पाल चावली असेल,’ किंवा ‘सापसुरळीने धरले असेल,’ आणि मांत्रिकाकडून अंगारा लावून रोग्यास निजविले जाते. पालीवर विषाचा आळ घेतला की मंत्राने ते विष उतरल्याचाही अनुभव येतो. कारण उतरावयास तेथे विषच नसते! हा खोटा अनुभव गाठीशी बांधून मनुष्य मण्यारीच्या दंशासही तोच उपाय करतो आणि पहाटेपर्यंत रोग्याचा श्वास बंद पडतो. निरुपद्रवी प्राण्यांविषयीची समजूत ही म्हणून केवळ गमतीची गोष्ट नाही. तिच्यामुळे मांत्रिकाची प्रतिष्ठा टिकते आणि दवाखान्याचा रस्ता लांबतो.

यास्तव व्यवहारात तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. पहिली, अंधारात काय चावले हे दिसले नसेल, तर ते सापच समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. दंश झालेला अवयव हालू न देता रोग्यास शांत ठेवावे. आपल्याकडील चारही प्रमुख सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष उपलब्ध आहे, आणि ते वेळेवर मिळणे हाच जगण्या-मरण्यातील फरक. दुसरी, घरात अगर शेतात घोरपड आली तर तिला वाट मोकळी करून द्यावी. ती माणसावर चालून येत नाही. कोंडली तरच शेपटीचा तडाखा देते किंवा चावते. ती निघत नसेल तर वनखात्यास कळवावे. तिसरी, लहान मुलांना सापसुरळी दाखविताना ‘विषारी आहे’ असे सांगू नये. बालपणी मनात बसलेली भीती पुढे पुस्तके वाचूनही जात नाही. आणि एका खोट्या भीतीच्या आड दहा खऱ्या धोक्यांकडे दुर्लक्ष होते.

कोप या शास्त्रज्ञाने त्या दूरच्या सरड्याच्या नावात ‘संशयित’ हा शब्द घातला आणि पुराव्याची वाट पाहिली. आपण आपल्या घोरपडीस, सापसुरळीस आणि पालीस एवढाच न्याय द्यावा. संशय घेण्यास कोणाची हरकत नाही. शिक्षा मात्र चौकशीपूर्वी होऊ नये. वारणेच्या काठी, पन्हाळ्याच्या उतारावर किंवा कोडोलीच्या उसाच्या बांधावर पुढच्या पावसाळ्यात ठिपक्याठिपक्यांचे पिलू जीभ लवलवीत जाताना दिसले, तर काठी खाली ठेवून दोन क्षण त्याच्याकडे पाहावे. ते आपल्या शेतातील किडे खाण्यास निघालेले असते.